पूर्णगडच्या खाडीतला ठिपका

या प्रवासात काय घडले ते सांगता येते. ते तसेच का घडले, हे अजून पूर्णपणे समजलेले नाही. जे समजले ते आणि जे समजले नाही ते, दोन्ही घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

प्रवासाचे कारण एक डबा होते. जगभर एक खेळ खेळला जातो. एक जण कुठेतरी छोटा डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश एका संकेतस्थळावर टाकतो. ते आकडे आपल्या यंत्रात किंवा मोबाइलमध्ये भरून दुसरा कोणी तिथे जातो, डबा शोधतो, आतल्या कागदावर सही करतो आणि डबा होता तसा ठेवून परततो. बक्षीस नाही. माझे मेहुणे, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, निवृत्तीनंतर या खेळात रमले होते. आयुष्यभर त्यांनी पाटबंधाऱ्यांचे नकाशे काढले, त्यामुळे ही आवड त्यांना शोभणारी होती. त्यांनी शेवटचा डबा रत्नागिरी जिल्ह्यात पूर्णगडला लपवला. त्यानंतर काही आठवड्यांतच ते गेले.

तो डबा कोणालाच सापडला नाही. दोघांनी प्रयत्न केला आणि दोघांनी एकच गोष्ट लिहिली: ठिपका खाडीच्या पाण्यात दिसतो, डबा नाही. संकेतस्थळावर देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकाने नोंदीखाली सूचना टाकली की मालकाने महिनाअखेरपर्यंत डबा तपासावा, नाहीतर नोंद कायमची बंद होईल. ती सूचना ताईने वाचली. भाऊजींच्या खात्याचा पासवर्ड तिच्याकडे होता.

"हे पाण्यात डबा ठेवतील का रे, नंदू?" तिने विचारले. "नोंद बंद झाली तर नकाशावरचं ह्यांचं नाव जाईल. मला ते जाऊ द्यायचं नाही."

मोबाइलही खाडीच दाखवत होता. पण भाऊजींचे हातात मावणारे यंत्र घरात होते. खरी जागा त्यात असणार, असे ताईचे म्हणणे. अडचण एवढीच की यंत्र सुरू होई, आपण कुठे उभे आहोत ते बरोबर सांगे, आणि डब्यांची यादी उघडायला गेले की पडदा पांढरा होऊन बंद पडे. पुण्यात ते उघडून बघायला कोणी तयार झाले नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्यांची अशीच यंत्रे दुरुस्त होतात, असे एका परिचिताने सांगितले. दिवाळी संपली होती. आम्ही निघालो.

मिरकरवाडा

बंदराच्या रस्त्यावर जाळी पसरलेली होती आणि बर्फाच्या गाड्या त्यांच्या कडेकडेने वाट काढत होत्या. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या इम्तियाज यांचे दुकान एका पायरीवर सुरू होऊन आत दोन माणसांत संपते. भिंतीवर होड्यांच्या यंत्रांचे पडदे, काही चालू, काही फुटलेले. त्यांनी आमचे यंत्र उलटसुलट केले.

"हे डोंगरातलं मशीन, ताई. माझी सगळी मशीनं समुद्रातली. पण बघतो. तुम्ही कशाला वापरता?"

ताईने खेळ समजावून सांगितला. इम्तियाज यांनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"म्हणजे डबा ठेवायचा, शोधायचा आणि परत तिथंच ठेवायचा?"

"हो."

"आणि आत काय असतं?"

"काही विशेष नाही."

"मासे तरी बरे म्हणायचे," ते म्हणाले. बाहेर जाळी शिवणारा एक जण हसला.

या दुकानाची एक रीत आहे. दुरुस्तीला हात लावण्याआधी यंत्र चालू करून दाराच्या पायरीवर ठेवायचे आणि गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवर पडद्याचा फोटो काढायचा. "नंतर म्हणायला नको, इम्तियाजने बिघडवलं. होडीवाले लय भांडतात." ताईने फोटो काढला. पडद्यावर त्या पायरीचे अक्षांश-रेखांश होते. तो फोटो आम्ही पुन्हा तिथे येईपर्यंत पाहिलाही नाही.

मग इलाज सुरू झाले. नवीन बॅटऱ्या घातल्या. यादी उघडली, पडदा पांढरा. आतले मेमरी कार्ड काढले. पडदा पांढरा. केबल लावून यंत्र संगणकाला जोडले आणि नवीन सॉफ्टवेअर चढवले. ते चढताना एक निळी पट्टी इतक्या सावकाश सरकली की इम्तियाज यांनी दरम्यान एका होडीवाल्याचे काम उरकले आणि आम्हाला चहा पाजला. पट्टी संपली, यंत्र सुरू झाले, यादी उघडली. पडदा पांढरा.

"आतली एखादी फाइल सडलीय," ते म्हणाले. "ती उघडायला जातं आणि मरतं. आता सगळं पुसायचं, कारखान्यातून आलं तसं करायचं. दुसरा इलाज नाय."

"सगळं म्हणजे?" ताईने विचारले.

"सगळं म्हणजे सगळं. पण ताई, तसंही दिसत नाय ना तुम्हाला. न दिसणारं गेलं काय, राहिलं काय!"

हा युक्तिवाद त्या वेळी आम्हा दोघांना पटला. दोन बटणे एकत्र दाबून यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर प्रश्न आला: सर्व माहिती पुसायची का? इम्तियाज यांनी यंत्र ताईपुढे धरले. "हे तुम्हीच दाबा." तिने दाबले.

यादी उघडली. पडदा पांढरा झाला नाही. यादी रिकामी होती.

"चालू झालं!" इम्तियाज म्हणाले.

"हो," ताई म्हणाली. "पण आत काहीच नाही."

मग संकेतस्थळावरून भाऊजींच्या डब्याची नोंद उतरवून यंत्रात भरली. यंत्राने ती आज्ञाधारकपणे उघडली आणि ठिपका दाखवला. ठिपका खाडीत होता.

पूर्णगड, ओहोटी

पावसच्या पुढे रस्ता कातळावरून जातो. गवत पिवळे पडले होते. कापलेल्या भाताचे भारे खळ्यांत रचलेले होते आणि एका ठिकाणी झोडणी चालू होती. आमच्याकडे देशावर सुगी म्हटली की यंत्राचा आवाज आणि धूळ. इथे फळीवर भारा आपटल्याचा आवाज तेवढा येतो, तोही खूप अंतर ठेवून.

पूर्णगडला किल्ला लहान आहे. तो टेकडीवर आहे, खाली मुचकुंदीची खाडी आणि मच्छीमारांची वस्ती. टेकडीच्या उतारावर मंदाकाकूंचे घर आहे. त्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. यजमान दाजी पूर्वी बोटीवर खलाशी होते. आता ते ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात.

या खेळाचा एक नियम आहे. डबा शोधताना आसपासच्या लोकांना कळू द्यायचे नाही, नाहीतर कोणी तो उचलून नेईल. ताई नियम पाळणारी आहे. त्यामुळे आम्ही मंदाकाकूंना सांगितले की खाडी बघायला आलो आहोत.

ओहोटी लागल्यावर आम्ही चिखलात उतरलो. यंत्रातला बाण पुढे जा म्हणे. पुढे पाणी होते. आणखी पुढे गेलो तेव्हा बाण मागे वळला. मागे आलो, तो फिरून डावीकडे गेला. ठिपक्याजवळ पोहोचले की यंत्राचा बाण असाच भरकटतो, हे नंतर वाचले. त्या वेळी एवढेच कळत होते की डबा इथेच आहे आणि इथे चिखलाशिवाय काही नाही. माझी एक चप्पल चिखलात रुतली. पाय निघाला, चप्पल राहिली. ती काढायला वाकलो तेव्हा दुसरी रुतली.

जवळच चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या बायका उभ्या राहून पाहत होत्या.

"मोजणी आली काय हो?" एकीने विचारले.

"नाही, नाही. सहज."

"सहज कोण चिखलात उतरतो? जेटी होणार म्हणत होते ती हीच काय?"

"आमचा काही संबंध नाही जेटीशी."

"मगे हातात मशीन कशाला?" तिने विचारले. ताईने यंत्र पिशवीत टाकले आणि आम्ही काठाकडे वळलो.

आम्ही घरी परतेपर्यंत बातमी दाजींपर्यंत पोहोचली होती. जेवायला उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचे सार आणि कुळथाची पिठी होती. पुण्यात पिठले बेसनाचे आणि घट्ट. ही पिठी पातळ, भातावर ओतायची. ताईने दोनदा मागून घेतली. दाजींनी जेवण होईपर्यंत वाट पाहिली.

"जमीन घेणाऱ्यांकडचे आहात काय?" त्यांनी विचारले. "असाल तर तसं सांगा. जेवण जेवण आहे, ते काय परत मागणार नाय. पण आमची जागा विकायची नाय."

"आम्ही कुणाकडचे नाही हो," ताई म्हणाली.

"सगळे असंच सांगतात," मंदाकाकू म्हणाल्या आणि मला आणखी भात वाढला.

खोलीत गेल्यावर ताईने यंत्र उशाशी ठेवले. मग म्हणाली, "चूक झाली. पुसायला नको होतं. खरी जागा त्यात होती, आणि मीच दाबलं." मी म्हणालो की खरी जागा त्यात होती याला पुरावा नाही. माहिती म्हणून ते बरोबर होते. बहिणीला सांगायला ते योग्य होते का, हे सांगता येत नाही.

पुन्हा मिरकरवाडा

दुसऱ्या दिवशी आम्ही इम्तियाज यांच्याकडे गेलो. पुसलेली माहिती परत मिळते का, एवढाच प्रश्न होता.

"नाय मिळत, ताई," ते म्हणाले. "पण मशीन बिघडलेलं नाय हे दाखवतो. कुठं आहे तुमचा फोटो?"

त्यांनी यंत्र त्याच पायरीवर ठेवले. ताईने मोबाइलवर आधीचा फोटो उघडून शेजारी धरला. ती पाहत राहिली.

"नंदू, पायरी तीच आहे ना?"

"तीच."

"मग आकडे वेगळे का आहेत?"

आकडे खरोखरच वेगळे होते. पहिले सारखे, शेवटचे वेगळे. इम्तियाज यांनी यंत्र उचलून परत ठेवले. थोडा वेळ थांबलो. आकडे फोटोतल्यासारखे झाले नाहीत. त्यांनी बाहेरच्या जाळीवाल्याला हाक मारली. "अरे, दुकान हललं काय रे आपलं?"

"भाडं वाढलंय, हलेल कशाला!" तो म्हणाला.

पुढचे सुचले ते ताईला. ती पायरीवरच बसली आणि हळूहळू बोलू लागली, कुठलेतरी जुने संभाषण आठवून आठवून म्हणत असल्यासारखी.

"हे सकाळी चहाला रोज सांगायचे. माझं लक्ष नसायचं. म्हणायचे, सरकारी जुना नकाशा पृथ्वीचा आकार एक धरतो आणि उपग्रह दुसरा धरतो. त्यामुळे आकडे तेच, पण जागा सरकते. ह्यांच्याकडे ते जुने नकाशे होते ना, त्यांच्याशी जुळावं म्हणून ह्यांनी यंत्र जुन्या मापावर लावलं होतं. कुठेतरी निवडता येतं म्हणायचे."

यंत्राच्या सेटिंगमध्ये ती निवड सापडली; सगळे पुसल्यावर ती आपोआप नव्या मापावर गेली होती. नावांची लांबलचक यादी होती आणि त्यात भारताचे जुने मापही होते. ते निवडले. पायरीवरचे आकडे बदलले. आता ते फोटोतल्या आकड्यांशी जुळत होते. शेवटचा एखादा अंक पुढेमागे होता, तेवढा होतोच.

आम्ही जे जुळवले ते असे. भाऊजींनी पूर्णगडला उभे राहून पडद्यावरचे आकडे वाचले, जुन्या मापाचे, आणि ते जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकले. संकेतस्थळ नवे माप धरते. त्यामुळे ठिपका सरकला आणि पाण्यात गेला. आयुष्यभर जुन्या नकाशांवर काम केलेल्या माणसाकडूनच होईल, अशी ही चूक होती. मात्र बाकीचे डबे त्यांनी बरोबर टाकले होते. याच वेळी ते कसे विसरले, हे समजत नाही. त्या दिवसांत त्यांची तब्येत ठीक नव्हती, एवढे ताई म्हणाली.

नोंदीतले आकडे आता जुन्या मापाने, हाताने यंत्रात भरले. ठिपका शंभर-सव्वाशे मीटर सरकला. वायव्येला. खाडीतून बाहेर, टेकडीच्या उतारावर.

"काय झालं ते मला कळलं नाय," इम्तियाज म्हणाले. "पण सापडला तर फोन करा. नाय सापडला तरी करा."

पूर्णगड, उतारावर

बाण आम्हाला मंदाकाकूंच्या घरामागून वर घेऊन गेला. काजूची चार झाडे, मग जांभ्याचा बांध, मग करवंदीच्या जाळ्या. आम्ही बांध ओलांडतो आहोत तोच खालून हाक आली.

"ओ बाय! तिकडं नको! तिकडं चपला घालून जायचं नाय!"

मंदाकाकू पदर खोचून वर येत होत्या. मागून सावकाश दाजी. मी नवीन चपला काढल्या. पुढे एका मोठ्या दगडाला शेंदूर लावलेला होता आणि समोर नारळाची जुनी शेंडी पडली होती. हा जागेवाला, म्हणजे त्या जमिनीची राखण करणारा देव. कोकणात वाडीवाडीला असा दगड असतो. बाण बरोबर त्याच्याकडे पाहत होता. आणि दगडाच्या बाजूच्या कपारीत, वरून जांभ्याचा एक चिरा तिरका लावून पावसापासून झाकलेला, एक हिरवा डबा होता.

ताईने हात पुढे केला. मंदाकाकूंनी तिचे मनगट धरले.

"तो जागेवाल्याचा हाय. त्याला हात नाय लावायचा."

"हा माझ्या यजमानांचा आहे हो."

"कुणाचा?"

मग नियम मोडावा लागला. ताईने सगळे सांगितले: खेळ, भाऊजी, यंत्र, महिनाअखेर. दोघांनी ऐकून घेतले.

"मगे हे काल का नाय सांगितलंत?" मंदाकाकूंनी विचारले. "तुम्ही चिखलात कशाला गेलात? डबा हितं हाय म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"गावात सांगायचं नाही, असा खेळाचा नियम आहे."

"गावात ठेवायचा आणि गावाला सांगायचं नाय!" दाजी म्हणाले. "कसला खेळ हा! आम्ही तुम्हाला जमिनीचे दलाल समजून बसलो."

मंदाकाकूंना भाऊजी आठवत होते. उंच, डोक्यावर टोपी, धाप लागलेली. त्यांनी पाणी मागितले आणि मग एक नारळ मागितला. "म्हटलं, काय नवस असेल. वर गेले, बराच वेळ बसले. नंतर बघितलं तर नारळ वाहिलेला आणि बाजूला डबा. म्हणजे तोही वाहिलेलाच ना! कोण हात लावणार? पावसात भिजायला नको म्हणून मीच वर चिरा ठेवला."

"ह्यांनी नारळ वाहिला?" ताईने विचारले.

"वाहिला म्हणजे! माझ्याकडचाच नारळ."

"अहो, ह्यांनी घरातल्या देवाला कधी फूल वाहिलं नाही. मला चिडवायचे, तुझे देव नकाशावर दाखव म्हणून."

"ते तुमच्या घरातलं," मंदाकाकू म्हणाल्या. "हितं वाहिला."

याचा उलगडा आम्हाला झालेला नाही. डबा सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी मुद्दाम तसे केले असेल. खरोखर हात जोडावेसे वाटले असतील. दोन्ही शक्य आहे, आणि विचारायला माणूस नाही.

डबा उघडायचा तर विचारून उघडायचा, असे ठरले. दाजींनी घरून नारळ आणवला, दगडासमोर ठेवला आणि गाऱ्हाणे घातले. बोटीवर वाऱ्याच्या वरून बोलायची सवय असलेला आवाज होता.

"हे जागेवाल्या म्हाराजा, ही पुण्याची बाय तुझ्या दारात उभी हाय. हिच्या घोवानं तुझ्याकडं डबा ठेवला, तो तू सांभाळलास. आता ती तो उघडून बघणार आणि परत तुझ्याकडंच ठेवणार. तिच्या मशीनचं काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंदाकाकू म्हणाल्या आणि आमच्याकडे पाहू लागल्या. आम्हीही म्हणालो.

डबा कोरडा होता. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत सहीचा कोरा कागद, एक आखूड पेन्सिल आणि एक पितळी कोनमापक. ज्याला डबा सापडेल त्याने एखादी वस्तू घ्यावी आणि बदल्यात एक ठेवावी, असा रिवाज आहे. त्यासाठी तो होता.

"हा इथे होय," ताई म्हणाली. "मी घरभर शोधला."

तिने तो तळहातावर धरला. घेतला असता तर कोणाची हरकत नव्हती. तिने तो पुन्हा पिशवीत घातला, झाकण लावले आणि डबा कपारीत सरकवला. चिरा मंदाकाकूंनी लावला.

"आता आकडा नीट केल्यावर माणसं येतील?" त्यांनी विचारले.

"येतील, एखाददुसरा."

"येऊ देत. पण विचारून उघडायला सांगा."

खाली येऊन ताईने ओटीवर बसून नोंद दुरुस्त केली. नवे माप लावून डब्यापाशीच घेतलेले आकडे टाकले, तपासले, माझ्याकडून तपासून घेतले. खाली एक ओळ वाढवली: चपला बांधाबाहेर काढाव्यात, खालच्या घरातून नारळ घ्यावा, दगडासमोर ठेवून मग डबा उघडावा. मग इम्तियाज यांना फोन केला. "पाण्यात नव्हता ना?" एवढेच त्यांनी विचारले आणि कोणाला तरी मोठ्याने सांगितले, "बघ, दुकान हललं नव्हतं."

पुण्याला परतल्यावर स्वयंसेवकाचे उत्तर आले. मालकाने तपासणी केली, नोंद चालू राहील. मालक म्हणून नाव भाऊजींचेच आहे. यंत्र ताईने पुन्हा जुन्या मापावर लावून ठेवले आहे. भाऊजींनी लावले होते तसेच.

परवा तिने मला बोलावून घेतले आणि पडदा माझ्यापुढे धरला. पूर्णगडच्या डब्याखाली पहिल्यांदाच कोणीतरी डबा सापडल्याची नोंद केली होती. कोण, कुठला, ते टोपणनावावरून कळत नव्हते. लिहिले होते:

"आकडे बरोबर. डबा मिळाला, सही केली. नारळ कशासाठी ते कळलं नाही, पण ठेवला."